तेवीस हातांची फरफट

आमच्या मास्तरांना माणसाचं नाव लक्षात राहत नसे, वजन राहत असे. बीडच्या पेठेत कुणी रामराम घातला की ते थांबत, त्याला वरपासून खालपर्यंत बघत आणि म्हणत, "पावणेदोन मण, बरं चाललंय का?" नव्या माणसाला वाटे, म्हातारा चळला. जुन्यांना सवय झाली होती. एक आडत्या तर लांबूनच सांगायचा, "मास्तर, उपासानं दोन शेर उतरलोय, वहीत दुरुस्त करा." आणि मास्तर खरंच खिशातून वही काढून दुरुस्त करायचे.

निजामाचं राज्य होतं, शाळेला सुट्टी शुक्रवारी असायची. त्या दिवशी मास्तर या आडत्याच्या दुकानी मोठ्या काट्यापाशी बसत आणि येईल त्याला पारड्यात उभा करत. हमाल, मौलवी, न्हावी, चौकीवरचा जवान, कुणी सुटला नाही. बायकांना त्यांनी कधी विचारलं नाही, पण अंदाज असणार याबद्दल मला शंका नाही. मी त्यांच्या वर्गात असताना एकदा धीर करून विचारलं होतं, "मास्तर, तुमी लोकांना कावून तोलता हो?" ते म्हणाले, "अरे, उद्या ह्यो माणूस कुणाला धडकला तर? तवा कुठं काटा शोधत बसू?"

मी सहजासहजी कुणाला मानणारा माणूस नाही. घरात माझी ख्यातीच आहे तशी. देवळात गेलो तरी पुजाऱ्याशी वाद घालून येतो. पण या एका माणसाची आठवण निघाली की माझी जीभ आपोआप मवाळ होते. त्यांनी मला गणितात दोनदा नापास केलं, माझी सरकारी नोकरी त्यांच्यामुळं गेली, आणि तरी सांगतो, तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

शाळेत सगळं उर्दूत होतं. पुस्तकात त्यांच्या लाडक्या गोष्टीला 'मेयार-ए-हरकत' असं भारदस्त नाव होतं, ते पाठ करता करता आमच्या जिभा अडखळायच्या. मास्तर वर्गाचं दार लावून घेत आणि हळूच मराठीत म्हणत, "रेटा. नुसता रेटा म्हणा." वजनाला वेगानं गुणलं की झाला रेटा. भरलेली गाडी हळू आली तरी तिचा रेटा मोठा, कारण वजन मोठं. गोफणीतला दगड एवढासा, पण झोंबतो, कारण वेग मोठा. आणि दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की आवाज होतो, मोडतोड होते, माणसं मरतात, पण दोघींचा मिळून रेटा आदळण्याआधी जेवढा होता तेवढाच आदळल्याबरोबर राहतो. एकीनं टाकला तो दुसरीनं घेतला. विरून कुठं जात नाही. एवढंच त्यांचं शास्त्र. बाकीचे धडे ते शिकवत, पण पाहुण्याच्या घरी जेवावं तसे, आटोपशीर.

"आधी किती, नंतर किती?" हा त्यांचा पालुपदासारखा प्रश्न. फळ्याच्या डाव्या अंगाला ते 'आधी' लिहीत, उजव्या अंगाला 'नंतर', आणि मधे एक उभी रेघ. ती रेघ म्हणजे टक्कर. टक्करीच्या त्या क्षणात काय झालं, कोण कसा मोडला, हे आपल्याला बघायची गरजच नाही, असं ते सांगत. "आत शिरू नका. तिथं लई गोंधळ हाय. अलीकडं मोजा, पलीकडं मोजा." दोन मुदर्रिस, म्हणजे आमचे दोन शिक्षकच, एकदा खुर्चीवरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा सगळे सोडवायला धावले. मास्तर तेवढे जागेवर बसून एकाला विचारत राहिले, "तुमी आत आलात तवा राग केवढा होता?"

शाळेचा शिपाई पायरीवरून घसरून पडला, तेव्हाचीही गोष्ट सांगतो. बिचारा गुडघा धरून बसलेला. मास्तर त्याच्यापाशी उकिडवे बसले. आम्हाला वाटलं, विचारपूस करतात. ते म्हणाले, "तुझा रेटा जमिनीनं घेतला. म्हणजे तुझ्या पडण्यानं पृथ्वी हलली बघ. लई थोडी, पण हलली. खोटं न्हाई सांगत." शिपाई जन्मभर हे लोकांना सांगत होता. त्या माणसाला आयुष्यात दुसरं कुणी एवढं मोठेपण दिलं नसेल.

आणि तपासणीला साहेब आले होते तो दिवस. मी हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहितो, ऐकीव असतं तर मीच विश्वास ठेवला नसता. मास्तरांनी सुताराकडून दोन बुटके गाडे करून घेतले होते, त्यांना मोटार दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी जुन्या मोटारींतल्या छऱ्यांवर फिरणारी चाकं बसवून दिली होती. बोटानं ढकललं तरी गाडा भिंतीपर्यंत जायचा. साहेब देहानं भरलेले. मास्तरांनी अदबीनं विचारून त्यांना एका गाड्यावर बसवलं, आणि वर्गातल्या सगळ्यात किरकोळ पोराला दुसऱ्यावर. गाड्यासकट साहेबांचं वजन पोराच्या बरोबर तिप्पट भरत होतं, हे त्यांनी आधी तोलून ठेवलं होतं. साहेबांना कधी तोललं हे विचारू नका. मला वाटतं, पारड्यात उभं राहिल्याशिवाय साहेबांना वर्गात सोडलंच नव्हतं.

वर्ग सोळा हात लांब. साहेबांच्या पाठीमागच्या भिंतीपासून चार हातांवर मास्तरांनी जमिनीवर खडूची रेघ मारली आणि दोघांना तिथं समोरासमोर आणलं. म्हणाले, "हजूर, आता एकमेकांच्या तळहातांना रेटा. आधी दोघं थांबलेले, म्हणजे एकूण रेटा शून्य. नंतरही शून्यच राहणार. तुमी जेवढा इकडं न्याल, पोरगं तेवढाच तिकडं नेणार. तुमी तिप्पट, म्हणून ते तिप्पट जोरात पळणार. तुमचे चार हात, त्याचे बारा. भिंतींवर दोन आवाज होणार न्हाईत. एकच होईल."

त्यांनी रेटलं. पोरगं भरकन गेलं, साहेब संथपणे गेले, आणि धाड करून एकच आवाज झाला. साहेबांनी टोपी सावरली आणि म्हणाले, पुन्हा करा. पुन्हा केलं, पुन्हा एकच आवाज. तिसऱ्या वेळी साहेबांनी डोळे मिटून घेतले होते, फक्त ऐकायला. त्या दिवशी माझ्या मनात पहिल्यांदा आलं की हे जग कुणीतरी फार निगुतीनं बांधलंय आणि आमच्या या चुरगळलेल्या शेरवानीवाल्या मास्तरांना त्याची आतली गोष्ट ठाऊक आहे. अंगावर काटा आला होता. हे लिहितानाही येतोय.

एक खोड मात्र मला तेव्हा अजिबात पटत नसे. उदाहरणात एखादा आकडा दिलेला नसला, तर मास्तर तिथं अंदाज घालू देत नसत. जागा रिकामी ठेवायची. "जे तोललं न्हाई, ते लिहायचं न्हाई." सगळं बरोबर सोडवून शेवटी अंदाजानं दहा लिहिलं म्हणून त्यांनी माझा सबंध पेपर कापला होता. नापास होण्याचं पहिलं कारण ते. दुसरं कारणही तेच.

शाळा सुटल्यावर मी सरकारी नाक्यावर कारकून झालो. नेकनूरच्या वाटेवर तो नाका होता. बाजाराला जाणारा माल काट्यावर घ्यायचा, वजनाप्रमाणं जकात लावायची आणि पावती फाडायची. काम सोपं, मान मोठा. गाडीवाले मला साहेब म्हणायचे, मीही ऐकून घ्यायचो.

आता माझ्या दाजींबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे ते मालक. नेकनूरला शेती, एक बैलगाडी. मितभाषी, सरळ माणूस. त्या दिवशी सकाळी ते नाक्यावर गाडी घेऊन आले. वर कडब्याचा उंच ढीग. मी विचारलं, "दाजी, किती घालू?" ते म्हणाले, "बारा मण कडबा हाय." मी पावतीवर बारा लिहिलं, त्यांना सुपारी दिली आणि आक्काची खुशाली विचारली.

गाडी मी काट्यावर घेतली नाही. का नाही, हे आमच्याकडच्या कुणालाही विचारा. बहिणीच्या नवऱ्याची गाडी तोलायची म्हणजे चारचौघांत त्याला चोर म्हणायचं. पुढं बहिणीच्या दारात उभं राहायचं तोंड कुणाला असतं? नाक्यावर माझ्या आधी जो कारकून होता त्यानंही त्याच्या मेव्हण्यांच्या गाड्या कधी तोलल्या नव्हत्या. हे इतकं ठरलेलं होतं की आपण काही चूक करतोय, असं मनातसुद्धा आलं नाही.

नाक्याच्या पुढं एक लांब उतार लागतो, त्याच्या पायथ्याशी ओढा. दाजींनी तिथं रस्त्याच्या कडेला गाडी सोडली, बैल पाण्यावर नेले. तेवढ्यात एका बड्या गुत्तेदाराची, म्हणजे ठेकेदाराची, मालाची मोटार उतारावरून आली आणि गाडीवर मागून आदळली. गाडीचा कणा मोडला, ती मोटारीच्या तोंडात अडकली आणि दोन्ही मिळून तेवीस हात फरफटत गेली. मोटारीच्या टपावर एक हमाल बसला होता. तो खाली पडला आणि जागीच गेला.

गुत्तेदाराच्या माणसांनी जबानी दिली की मोटार हळू, ताशी पंधरा मैलांनी येत होती, गाडीच भर रस्त्यात आडवी सोडलेली होती, ड्रायव्हर बिचारा काय करणार. दाजींच्या बाजूनं साक्ष द्यायला ओढ्यावर दोन बैल होते फक्त. माणूस मेल्याचा ठपका दाजींवर आला. जामिनावर सुटले, पण वकिलानं स्पष्ट सांगितलं की दोन-तीन वर्षं आत जातील. आक्काला तेव्हा सातवा महिना होता.

मी मास्तरांकडं गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. वकील झाले होते, देव झाले होते. मास्तरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फरफट किती हात?" मी म्हणालो, तेवीस. त्यांचे डोळे असे चमकले की मला रागच आला. माझा दाजी तुरुंगात चाललाय आणि यांना उदाहरण सापडलं.

पण मग पंधरा दिवस त्या माणसानं जे केलं, ते मी कुठल्या तोंडानं सांगू. ते रोज शाळा सुटली की पायी नाहीतर कुणाच्या गाडीत बसून त्या उतारावर जात. पंचनाम्यातले तेवीस हात त्यांनी स्वतः पुन्हा मोजले. मोडलेली गाडी चावडीपाशी होती, ती तोलली. दहा मण भरली. मग तिच्यात दगड भरून, तिला त्याच रस्त्यावर बैलांकडून ओढवून, मधे ताणकाटा लावून बघितलं की जमीन तिला किती अडवते. म्हणजे उलट जायचं. फरफटीवरून टक्करीनंतरचा वेग, आणि त्या वेगावरून, रेटा तेवढाच राहतो या एका दोरीला धरून, टक्करीआधीचा मोटारीचा वेग. ज्या क्षणाला तिथं कुणी नव्हतं, त्या क्षणात हा माणूस मागच्या दारानं चालला होता. मी बघत राहायचो.

शिवाय ते मोटारवाल्या चाचांना घेऊन गेले. पेठेत कुजबुज होती की पेट्रोल वाचवायला गुत्तेदाराचे ड्रायव्हर उतारावरच्या वडापाशी इंजिन बंद करतात आणि मोटार तशीच सोडतात. मास्तरांनी पाटील आणि चार पंचांना पायथ्याशी उभं केलं आणि चाचांना तसल्याच एका मोटारीतून तेच करायला सांगितलं. चाचा म्हणाले, "मास्टरसाब, इंजन बंद करके उतरना मतलब मौत को दावत देना है." मास्तर म्हणाले, "चाचा, तुमी पावणेदोन मण हायत, मी दीड. मी शेजारी बसतो." आणि बसले. तीनदा उतरले. तिन्ही वेळा पायथ्याशी वेग आला ताशी वीस मैल.

त्यानंतर एका दुपारी मास्तर नाक्यावर माझ्याकडं आले. उन्हातून चालत आलेले, पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणाले, "माझी दोन गणितं जुळंना झाल्यात. उतारावरून काढलं तर मोटार वीस मैलांनी येती. फरफटीवरून काढलं तर चौदा. एकाच मोटारीचे दोन वेग कसे असतील? कुठला तरी आकडा खोटा हाय."

मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं असेल."

"असंल. म्हणून सगळे आकडे पुन्हा तपासले. मोटारीचं वजन तिच्या कागदावर हाय, ऐंशी मण, त्यांचा वकीलही मानतो. फरफट मी मोजली. रिकामी गाडी मी तोलली. एकच आकडा मी तोललेला न्हाई. गाडीतला माल. तो पावतीवरून घेतला." त्यांनी खिशातून पावतीची नक्कल काढून माझ्यासमोर ठेवली. "गाडी जड असती, तर एवढी फरफट व्हायला मोटारीचा रेटा जास्त लागला असता. वीस मैल यायचे असतील, तर बारा मणांच्या जागी अठ्ठावीस पाहिजेत. गाडीत सोळा मण जास्त होतं. काय होतं ते मला ठाऊक न्हाई, पण होतं." मग पावतीवर बोट ठेवून म्हणाले, "अक्षर तुझं हाय. चार वर्षं तपासलंय मी."

त्यांनी एक शब्द पुढं विचारला नाही. पाणी प्याले आणि परत चालत गेले.

मी नाका बंद करून तडक नेकनूर गाठलं. दाजी ओसरीवर बसले होते. मी म्हणालो, "दाजी, गाडीत काय होतं?" आक्का दारात येऊन उभी राहिली. तिनंच सांगितलं, "गूळ. जकात चुकवायला कडब्याखाली ढेपी ठेवल्या होत्या. टक्कर झाल्यावर पाटील यायच्या आत शेजारच्या शेतात हालवल्या."

"किती होता?"

"सोळा मण," दाजी म्हणाले.

भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते आश्चर्य. त्या माणसानं ढेप बघितली नव्हती, कडबा उचकला नव्हता. बीडला बसून, खडू हातात घेऊन, त्यानं ओढ्याकाठच्या गाडीच्या पोटातला गूळ तोलला होता. शेराचा फरक नाही. मी खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो.

मग दाजी जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाले, "मास्तर मोजायला आले त्याच दिवशी मला सांगता आलं असतं. पण पावतीवर तुमचं नाव हाय. गूळ निघाला की तुमची नोकरी गेली, वर सरकारला फसवल्याचा वहीम. माझ्या चोरीपायी तुमी कावून मरायचं? मी जातो आत. तुमी बोलू नका."

आक्का दोघांकडं बघत होती. म्हणाली, "मी कुणाला काय सांगू? एकीकडं तू, एकीकडं हे." आणि आत निघून गेली. तिला रडताना आम्ही बघू नये म्हणून.

सुनावणीच्या दिवसापर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं. खरं सांगतो. घरात आई आणि दोन धाकटे भाऊ माझ्या नोकरीवर होते. अदालतीत जाऊन मागच्या बाकावर बसलो तेव्हासुद्धा मी मनात म्हणत होतो, मास्तर आहेतच, ते काहीतरी करतील, माझ्याशिवाय भागेल.

शाळेतला फळा दोन शिपायांनी उचलून आणला होता. हाकीमसाहेब, म्हणजे न्यायाधीश, वयस्क, सोशीक गृहस्थ. बोलणं सगळं उर्दूत चाललं, मी आपल्या भाषेत सांगतो. गुत्तेदाराच्या वकिलानं सुरुवातीलाच टोमणा मारला, "मास्तर टक्करीच्या वेळी तिथं हजर होते काय?"

"न्हाई," मास्तर म्हणाले. "मी हजर नव्हतो. वजनं हजर होती."

त्यांनी उभी रेघ मारली. डावीकडं 'आधी', उजवीकडं 'नंतर'. एकेक आकडा कुठून आला ते सांगत लिहीत गेले. हाकीम पुढं सरकून बसले. एका ठिकाणी येऊन मास्तरांचा हात थांबला. तिथं त्यांनी एक चौकोन काढला आणि तो तसाच सोडला.

वकील म्हणाला, "तिथं बारा लिहा. गाडीतला माल बारा मण. सरकारी पावती आहे."

"लिहून बघू," मास्तर म्हणाले. "बारा घातले तर मोटारीचा वेग चौदा येतो. ड्रायव्हरची जबानी पंधराची हाय. हजूर, माणूस मेलेल्या खटल्यात ज्यानं स्वतःचा वेग वाढवून सांगितला, असा ड्रायव्हर आपण कधी बघितलाय?"

अदालतीत हसू फुटलं. हाकीमही हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी उताराची, वडाची, पंचांसमोरच्या तीन खेपांची हकीकत सांगितली. मग म्हणाले, "म्हणून बारा खोटा हाय. खरा आकडा मी तोललेला न्हाई. जागा रिकामी ठेवतो."

"अंदाजानं सांगा," हाकीम म्हणाले.

"माफ करा हजूर. अंदाज लिहायचा न्हाई, असं मी पोरांना शिकवतो."

"मग हे पुरं कोण करणार?"

"ज्यानं पावती लिहिली त्याला ठाऊक असंल," मास्तर म्हणाले, आणि खडू खाली ठेवला. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. पाठ माझ्याकडं होती आणि तोंड फळ्याकडं. त्यांना अठ्ठावीस ठाऊक होतं, माझं नाव ठाऊक होतं, दोन्ही ते सांगू शकत होते. सांगितलं नाही. तो चौकोन तसाच होता आणि अदालतीत पंख्याची दोरी ओढणाऱ्याचा हात तेवढा हलत होता.

मी कधी उठलो ते मला कळलं नाही. माझाच आवाज ऐकू आला, "अठ्ठावीस मण, हजूर. बारा मण कडबा, सोळा मण गूळ. पावती मी लिहिली. गाडी तोलली नाही. माझ्या बहिणीचे मालक होते म्हणून तोलली नाही."

दाजींनी मान खाली घातली. मास्तरांनी खडू उचलला, चौकोनात अठ्ठावीस लिहिलं आणि ओळीमागून ओळ खाली उतरत गेले. गुणाकार, भागाकार, मूळ. शेवटच्या ओळीत वीस आलं. त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या, शाळेत मारायचे तशाच.

ड्रायव्हर मागं उभा होता. पोरसवदा होता. तो एकदम खाली बसला आणि म्हणाला, "मालिक का हुकूम था साब. इंजन बंद करकेच उतारने का. गाडी रस्ते के किनारे थी."

दाजी त्या ठपक्यातून सुटले. गुळाची शिक्षा झाली, गूळ आणि मोडकी गाडी सरकारजमा झाली. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. पुढं मी त्या आडत्याच्या दुकानी काट्यावर तोलायला लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. आक्काला मुलगी झाली.

महिनाभरानं मी मास्तरांच्या घरी गेलो. ते पोरांच्या वह्या तपासत होते. मला धीर द्यावा, दोन शब्द कौतुकाचे बोलावेत, असं मला वाटत होतं, नाही कशाला म्हणू. त्यांनी तसलं काही केलं नाही. म्हणाले, "बस. दोन शेर उतरलास."

मी शेवटी विचारलंच, "मास्तर, त्या दिवशी मी उठलो नसतो तर? तुम्ही अठ्ठावीस सांगितलं असतं का?"

"न्हाई."

"दाजी आत गेले असते तर?"

"गेले असते," ते म्हणाले. मग उठले, खुंटीवरच्या शेरवानीच्या खिशात हात घातला आणि एक घडी घातलेला कागद माझ्यापुढं ठेवला. "वाच. तुला वाचायला हरकत न्हाई."

तो इस्तीफा होता. त्यांच्या नोकरीचा राजीनामा, सदर मुदर्रिसांच्या, म्हणजे हेडमास्तरांच्या नावानं, स्वच्छ उर्दूत. तारीख सुनावणीच्या दिवसाची होती, खाली सही होती, फक्त द्यायचा राहिलेला. कारण म्हणून एकच ओळ लिहिलेली होती: 'मला शिकवता येत नाही.'